फोटोच्या कडेला: मिरज ते पंढरपूर वाटेवरची गावं



दिंडीचा जुना फोटो हातात आला की आपण सगळे आधी मधोमध बघतो. मधे वीणेकरी, त्यांच्या दोन्ही अंगांना टाळकरी, पुढे मांडी घालून बसलेली पोरं, मागे पताका. मधल्या माणसाचं नाव कुणाला ना कुणाला ठाऊक असतंच. पण या अंकासाठी घरोघरचे फोटो बघत बसलो तेव्हा आमची नजर हळूहळू कडेला सरकू लागली. कडेला कुणीतरी खांद्यावर कावड घेऊन थांबलेला आहे. कुणाच्या हातात कंदील आहे. दुकानाची पाटी अर्धीच आलेली आहे. बैलगाडीचं एक चाक फोटोत आहे आणि गाडीवान चौकटीच्या बाहेर राहिलाय. वाटेवरच्या लहान लहान गावांचा रोजचा संसार सापडतो तो या कडेच्या चार बोटं जागेत. हा लेख त्या जागेविषयी आहे.

आपली वाट सगळ्यांच्या पायाखालची आहे. मिरज, शिरढोण, कवठेमहांकाळ, नागज, जुनोनी, सांगोला आणि पुढे पंढरपूर. इंग्रज अमदानीत या मुलखाला दक्षिण मराठा मुलूख म्हणत. मिरजेवरून जाणाऱ्या रेल्वेचं नावच ‘सदर्न मराठा रेल्वे’ होतं. सांगली, मिरज, कुरुंदवाड, जत अशी संस्थानं इथे एकमेकांना खेटून होती. त्यांच्या मधेमधे कंपनी सरकारपासूनचा इंग्रजी मुलूख. चार दिवस चालणाऱ्या वारकऱ्याच्या पायाखालून राज्यं बदलत जायची, त्याला त्याचा पत्ताही नसायचा. पुढे 8 मार्च 1948 रोजी दक्षिणेतली ही संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. 1949 साली ‘दक्षिण सातारा’ असा वेगळा जिल्हा झाला आणि 1960 साली त्याचंच नाव सांगली जिल्हा असं झालं.

हे इतकं सांगायचं कारण असं की फोटोचं वय काढायला हा इतिहास फार उपयोगी पडतो. फोटोच्या पाठीमागे स्टुडिओचा शिक्का असला आणि त्यात ‘जि. दक्षिण सातारा’ असं असलं, तर फोटो त्या अकरा वर्षांतला, नाहीतर जुना शिक्का पुढे चार वर्षं वापरणाऱ्या काटकसरी फोटोग्राफरचा. (असे काटकसरी लोक आपल्या भागात काही कमी नव्हते.) डोक्यावरचं वस्त्रही बोलतं. सगळ्यांच्या डोक्याला पागोटी आणि फेटे असतील तर फोटो जुना. पांढरी गांधी टोपी 1920 नंतर हळूहळू दिसू लागते, आणि एकाच रांगेत आजा फेट्यात, बाप टोपीत आणि नातू उघड्या डोक्याचा असा फोटो आला की तीन पिढ्यांचा काळ तिथेच मोजता येतो. मागच्या विहिरीवर मोटेचं चाक असेल तर तिथे अजून इंजिन आलेलं नाही. तारेचा खांब, सायकल, मनगटावरचं घड्याळ, कर्णा, ट्रॅक्टरची ट्रॉली: दिंडीच्या मागे काय उभं आहे हे बघत गेलं की दशकं आपोआप सुटी होतात.

आणखी एक गंमत. जुन्या कॅमेऱ्याला उजेड पुरेसा मिळेपर्यंत थांबावं लागे, म्हणून फोटोग्राफर सगळ्यांना श्वास धरून उभं करी. म्हणून आपल्या आजोबा-पणजोबांचे चेहरे इतके कडक दिसतात. ते रागीट होते असं काही नाही, त्यांना हलायची बंदी होती. तरी भजनी माणूस थोडा थांबतोय? काही फोटोंत सगळे स्थिर आणि एकाच टाळकऱ्याचा हात पुसट झालेला आहे. त्याच्या चेहऱ्यापेक्षा तो पुसट हातच आम्हाला जास्त खरा वाटला.

आता रेल्वेविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या दिंडीचा आणि त्या गाडीचा जन्म एकाच सुमाराचा आहे.

मोठी लाइन 1859 साली कुर्डुवाडीला आली. तेव्हा त्या स्टेशनाचं नाव ‘बार्शी रोड’. ज्या स्टेशनाच्या नावात ‘रोड’ असेल ते गाव तिथून बरंच लांब आहे असं समजावं, हा आपल्याकडचा जुना अनुभव आहे. आपल्या वाटेवरच्या ‘जत रोड’ला उतरून जत शोधणाऱ्याला विचारा. तर त्या बार्शी रोडवरून बार्शीपर्यंत 1897 साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने छोटी रेल्वे टाकली. दोन रुळांत अंतर फक्त अडीच फूट. हीच बार्शी लाइट रेल्वे. 1906 साली ती पंढरपुरापर्यंत आली आणि 1927 साली पंढरपुरापासून मिरजेला जोडली गेली. आरग, बेळंकी, सळगरे, कवठेमहांकाळ, ढालगाव, जत रोड, सांगोला अशी स्टेशनं करत ही गाडी चाले. चढावर तिचा वेग असा की पोरं उतरून बोरं तोडून परत चढत, असं आपल्याकडची म्हातारी माणसं सांगत आली. हीच गोष्ट प्रत्येक छोट्या गाडीविषयी सांगतात, त्यामुळे ती कितपत धरायची ते ज्याचं त्यानं ठरवावं.

प्रश्न असा पडतो, की गाडी दारात आली त्याच काळात शंभर वर्षांपूर्वी आपल्या माणसांनी पायी दिंडी का बांधली? तिकीट काढून त्याच दिवशी पंढरपूर दिसत होतं. फोटो बघताना याचं उत्तर थोडंफार सापडतं. जातानाच्या फोटोंत रस्ता आहे, धूळ आहे, झाडाखालचा विसावा आहे. येतानाचे फोटो स्टेशनावरचे आहेत: फलाटावर वळकट्या, पडशा, बुक्क्याच्या पुड्या, चुरमुऱ्यांची गाठोडी आणि डब्याच्या दाराशी गर्दी. म्हणजे आपली माणसं चालत जात आणि गाडीने परत येत. गाडीने वारी मोडली नाही, उलट सोपी केली. पूर्वी जाण्या-येण्याचे दोन्ही दिवस पायी काढायचे तर पेरण्या-कोळपण्या अडायच्या. परतीचे दिवस गाडीने वाचवले, तेव्हा ज्याला फार दिवस घर सोडता येत नव्हतं तो कुणबीही दिंडीत येऊ लागला. म्हातारं माणूस, लेकुरवाळी बाई गाडीने थेट पंढरपुरात जाऊन थांबे आणि दिंडी आली की तिच्यात मिसळे. यात्रेच्या दिवसांत डबे पुरत नसत, तेव्हा मालाच्या डब्यांतही माणसं भरत. अशा डब्याच्या उघड्या दारात बसलेल्या माणसांचे चेहरे मात्र हसरे आहेत. पाय दुखत असताना कुणीतरी ओढून नेतंय याचं सुख असावं.

1954 साली ही रेल्वे सरकारकडे आली. पुढे मिरजेला मोठी लाइन पोहोचल्यावर रुंद, मध्यम आणि अरुंद अशा तिन्ही मापांचे रूळ एकाच जंक्शनात काही वर्षं नांदले. या शतकात आपली छोटी लाइनही मोठी झाली. जुनं इंजिन आता कुठल्या कुठल्या आवारात शोभेला उभं दिसतं, पण त्या डब्यांत बसलेल्या माणसांसह त्याचा फोटो आपल्याच घरांतल्या ट्रंकांत निघाला.

कडेच्या कंदिलाकडे वळू. पहाटेच्या काकड्याला आणि रात्रीच्या चालीला उजेड लागतो. आधी पलिते होते, मग कंदील आला. आपल्या बऱ्याच फोटोंत दिसणारा कंदील कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ असावा, कारण या मुलखात कंदील म्हणजे प्रभाकर असंच चालत होतं. ओगले बंधूंचा काचेचा कारखाना 1916 सालचा, औंध संस्थानच्या आश्रयाने उभा राहिलेला. त्याच संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळरानावर, 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगराचा कारखाना आणला आणि त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. लोखंडी नांगराने जमीन बिघडते, असं म्हणत सुरुवातीला शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. बाजारपेठेच्या फोटोंत दुकानापुढे ओळीने मांडलेले नांगराचे फाळ दिसतात आणि ते बघत, पण हात न लावता उभे असलेले दोघे-तिघे दिसतात, तेव्हा ती शंका डोळ्यांनी बघायला मिळते. कंदिलाविषयी मात्र कुणी शंका घेतल्याचं ऐकिवात नाही. दिंडीत कंदील धरणाऱ्याला मान नव्हता, त्याचं नावही कुठल्या वहीत नाही. काच फुटू नये म्हणून तो सगळ्यांच्या मागे, सावकाश चालायचा. फोटोतही तो कडेलाच आहे.

पाण्याचंही तसंच. आपली वाट म्हणजे कोरडवाहू मुलूख. कवठेमहांकाळच्या अग्रणीला आणि सांगोल्याच्या माणेला पाणी पावसावर. म्हैसाळ योजनेचं कृष्णेचं पाणी आलं ते फार अलीकडे. त्या आधी शंभर-दोनशे माणसांची दिंडी मुक्कामाला आली म्हणजे गावाने आपल्या तोंडचं पाणी द्यायचं. फोटोत रांजण दिसतात, कावडी दिसतात, आडावर ओणवलेल्या बाया दिसतात. ज्या गावाने दिंडीला पाणी पाजलं त्या गावाचं नाव आपल्याला तोंडपाठ आहे, पण दोर कुणी ओढला ते फोटोच सांगतो.

बैलांचं ऐका. आपल्या मुलखाची शान म्हणजे खिलार. आटपाडी, खरसुंडी इकडच्या बाजारांतून आणलेली, पांढरीधोप, उंच शिंगांची जोडी सामानाच्या गाडीला असे. एका फोटोच्या पाठीमागे सुबक बाळबोध अक्षरात बैलांची नावं लिहिलेली आहेत. कुठून घेतले, कितीला घेतले, तेही आहे. गाडीशेजारी डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन एक बाई उभी आहे. तिचं नाव लिहिलेलं नाही. ज्याने लिहिलं त्याने काही वाईट मनाने वगळलं असं आम्हाला वाटत नाही. बाई घरचीच, ती कोण हे सगळ्यांना ठाऊक, मग लिहायचं कशाला? असा त्याचा सरळ विचार असणार. आता ठाऊक असणारे राहिले नाहीत आणि बैलांची नावं तेवढी राहिली. जमवलेल्या फोटोंत बायका पुष्कळ आहेत, रांगेत, चुलीपाशी, पंगतीत वाढताना. नाव लिहिलेल्या बोटांवर मोजता येतील इतक्याच. शंभर वर्षं ज्यांनी वाटेत भाकरी थापल्या त्या आपल्या इतिहासात ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची सासू’ अशाच शिल्लक आहेत.

पटकीच्या साथीविषयी थोडक्यात. यात्रा आणि पटकी यांचं जुनं नातं सगळ्यांना माहीत आहे. साथीच्या वर्षी टोचून घेतल्याशिवाय पुढे सोडत नसत आणि पुष्कळजण टोचणीला पटकीहून जास्त भीत. मिरजेचं डॉक्टर वान्लेस यांचं मिशन हॉस्पिटल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या सगळ्या टापूचा आधार. त्याच्या आवारात घेतलेल्या गटफोटोत कपाळाला बुक्का आणि गळ्यात माळ असलेली माणसं बसलेली दिसतात.

आता एका फोटोविषयी लिहायचं आहे, आणि ते लिहावं की नाही यावर आमच्यात चर्चा झाली. शेवटी लिहायचं ठरलं.

दिंडीचा एक जुना गटफोटो आहे. सगळे ओळीत आहेत. डाव्या टोकाला, ओळ संपल्यावर, साधारण दोन हात जागा मोकळी आहे आणि त्या जागेपलीकडे चारजण उभे आहेत. त्यांच्याही गळ्यात माळ आहे. एकाच्या हातात टाळ आहे. फोटोग्राफरने त्यांना चौकटीत घेतलं, पण ती मधली जागा कुणी भरली नाही. का भरली नाही हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. ते चालत आपल्याबरोबरच होते, मुक्काम गावाबाहेर, पंगत वेगळी. पंढरपुरात पोचल्यावर बाकीचे मंदिरात जात आणि ते चोखोबांच्या समाधीपाशी थांबत. इतकी मैलं बरोबर चालून शेवटची पायरी त्यांची नव्हती.

साने गुरुजींनी महाराष्ट्रभर हिंडून या प्रश्नावर लोकांना जागं केलं आणि 1 मे 1947 रोजी पंढरपुरात उपोषण सुरू केलं. दहाव्या दिवशी ते सुटलं आणि विठ्ठलाचं मंदिर सगळ्यांना मोकळं झालं. देश स्वतंत्र व्हायला तेव्हा तीन महिने होते. त्यानंतरच्या आपल्या फोटोंत ती मोकळी जागा आहे का, हे आम्ही मुद्दाम बघितलं. लगेच नाहीशी झालेली नाही. पुढच्या एका फोटोत ती एका हातावर आली आहे. त्याच्याही नंतरच्या फोटोत ओळ सलग आहे, पण कोण कुठे उभं राहिलंय ते जुन्या माणसाला चटकन कळतं. फोटोत मनातलं उतरत नाही, खांद्याला खांदा लागलाय का एवढंच उतरतं. त्या चौघांपैकी कुणाचंही नाव आम्हाला मिळालेलं नाही. त्यांची नातवंडं-पतवंडं आज दिंडीत असतील. त्यांच्या घरी हा फोटो असण्याचा संभव कमी, कारण प्रत विकत घ्यायला लागे.

फोटो ही पैशाची गोष्ट होती हे विसरू नये. गावात फोटोग्राफर नसे. तालुक्याला, नाहीतर थेट मिरज-सांगलीला जावं लागे. गरिबाच्या घरी आयुष्यात एकच फोटो निघे, तो पंढरपुरात. मंदिराच्या आसपासच्या फोटोवाल्यांकडे रंगवलेला पडदा असे. त्यावर विठ्ठल-रखुमाई, मागे शिखर. त्याच्यापुढे नवरा-बायको हात जोडून उभे. असे फोटो आपल्या भागात घरोघर सापडले. पडद्याचा रंग उडालेला आहे, कुठे विठोबाच्या खांद्यापाशी कापड फाटलेलं आहे, तरी तो फोटो देवघरात देवाच्या रांगेत आहे. काही घरांत तो नवरा-बायकोचा एकत्र असलेला एकमेव फोटो. लग्नात फोटो काढायची पद्धत नव्हती, पुढे काढायला पैसे नव्हते. वारीने त्यांना एकत्र उभं केलं.

1972 च्या दुष्काळातले फोटो फार नाहीत. जे आहेत त्यांत वाटेच्या दोन्ही बाजूंना खडीचे ढीग आहेत आणि ढिगांवर बाया-माणसं. ज्या रस्त्यावरून आपण आज गाड्या पळवतो त्यातला बराचसा भाग त्या हातांनी फोडलेल्या खडीवर आहे. तेव्हा सुकडी खाल्लेली आणि मिलोच्या तांबड्या भाकरीला नाक मुरडलेली माणसं अजून आपल्यात आहेत, त्यांच्याकडून ऐकावं. त्या वर्षीच्या एका फोटोत दिंडी बरीच तुटपुंजी दिसते आणि कामावरची काही माणसं हातोडा खाली ठेवून, उभी राहून हात जोडताहेत. ती दरवर्षी दिंडीत असणारी माणसं. त्या साली त्यांची वारी ढिगावरून झाली.

एवढं सगळं फोटोंत आहे, आणि फोटो चालले आहेत. जुने स्टुडिओ बंद पडले तेव्हा काचेच्या निगेटिव्ह धुऊन ती काच तसबिरींना आणि खिडक्यांना वापरली गेली. कितीतरी दिंड्यांचे चेहरे असे पुसून स्वच्छ झाले. मग 2005 चा महापूर आला, पुन्हा 2019 चा. कृष्णेकाठच्या घरांत माणसं वाचवताना ट्रंकांकडे कोण बघणार? पूर ओसरल्यावर गच्चीवर वाळत घातलेले, एकमेकांना चिकटलेले अल्बम आपण सगळ्यांनी पाहिले. चिकटलेला फोटो ओरबाडून सोडवू नये. स्वच्छ गार पाण्यात ठेवला तर बहुतेक वेळा आपला आपण सुटतो, मग चित्राची बाजू वर करून सावलीत वाळवावा. पाठीमागे नाव लिहायचं तर मऊ शिसपेन्सिलीने, काठाजवळ, अलगद. बॉलपेन दाबून लिहिलं की आजीच्या कपाळावर अक्षरं उमटतात, असे दोन फोटो आम्ही पाहिले. मोबाइलवर फोटोचा फोटो काढून ठेवला तरी चालेल, पण मागची बाजूही काढा. शिक्का मागेच असतो.

ज्या फोटोंतल्या माणसांची ओळख पटलेली नाही ते या अंकाच्या शेवटच्या पानांवर एकत्र छापले आहेत आणि प्रत्येक चेहऱ्याला क्रमांक दिला आहे. डाव्या टोकाचे ते चारजण, तुळस घेतलेली बाई आणि कंदीलवाला यांना मुद्दाम मोठं करून छापलं आहे. त्याच पानांची एक प्रत मठात, वीणेच्या कोनाड्याशेजारी, खिळ्याला लावलेली आहे. चष्मा लागणाऱ्या आजी-आजोबांना नातवंडांनी तिथवर घेऊन यावं. पेन्सिल दोऱ्याने बांधून ठेवली आहे.